ओल झाकण्याची नव्हे, ओल काढण्याची मजुरी मागा

ताडोबाच्या जंगलाचे एक प्रवेशद्वार म्हणून मोहर्ली गाव सर्वांना माहीत आहे. मात्र याच गावाशेजारी इरई धरणाचा जलाशय पसरलेला आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला आणि शहराला पाणी मिळते ते इथूनच, आणि पावसाळ्यात धरण भरून दरवाजे उघडले की इरई नदीतून चंद्रपूरकडे सुटते तेही इथलेच पाणी. जुलै २०२२ च्या पुरात शहरातील रहमतनगरसारख्या नदीकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला आणि ब्रह्मपुरी व गडचिरोलीकडील गावे पाण्याखाली गेली. पूर असेपर्यंत पुढारी येतात, वर्तमानपत्रवाले येतात. पाणी ओसरल्यावर घरात पाय ठेवतो तो मिस्त्री, रंगारी, वायरमन, सुतार, मोटर वाइंडिंगवाला आणि पिंजारी. या धंद्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. म्हणून भिजलेले घर कसे सावरावे हा प्रश्न जितका घरमालकाचा आहे तितकाच आपल्या रोजीचा आणि इमानाचाही आहे.

आज होते काय? चार दिवसांत चिखल उपसला जातो, आठव्या दिवशी गिलावा होतो, पंधराव्या दिवशी पुट्टी व रंग. घर नव्यासारखे दिसते आणि मजुरी हातात पडते. दोन महिन्यांनी रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, जोत्याच्या वर लोणा चढतो आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. घरमालक पुन्हा खर्चात पडतो. घरात दम्याचा रोगी असेल तर त्याचे हाल वेगळेच. दोष सिमेंटला दिला जातो, रंगाच्या कंपनीला दिला जातो. खरे कारण एवढेच असते की ओल काढली नाही, झाकली.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याविषयीची एक प्रसिद्ध हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. बाजारातून जाताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, लोकांना दिसावे म्हणून भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही अशी सक्त ताकीद दिली. पावसात माल भिजला हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. ओल खाली दडवली हा गुन्हा होता. ओल्या भिंतीवर पुट्टी मारणारा, पुराच्या पाण्यात भिजलेला कापूस नव्या खोळीत भरून गादी विकणारा, बुडालेली मोटर वरवर पुसून ‘चालू हालतीत’ म्हणून देणारा, या सर्वांनी ही हदीस आपल्या दुकानासमोर धरून पाहावी.

आता कामाची रीत पाहू. पहिली गोष्ट विजेची. पाणी शिरलेल्या घरात मेन स्विच बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय पाऊल टाकू नये. स्विच पाण्यात उभे राहूनच बंद करावा लागणार असेल तर वीज कंपनीच्या माणसाला बोलवावे. वायरिंग, पंखे, पंपाची मोटर व फ्रीज सुकवून, मेगर लावून तपासल्याशिवाय चालू करू नयेत. दुसरी गोष्ट नोंदीची. साफसफाईपूर्वी पाण्याची पातळी दाखवणारे फोटो काढावेत आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. दुकानाचा विमा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल फेकू नये. नासून घाण सुटत असेल तर फोटो व यादी करून आणि विमा कंपनीला कळवूनच बाहेर काढावा.

मग पाणी कोणते ते ओळखावे. कवेलू फुटून गळलेले पावसाचे पाणी वेगळे आणि गटार व संडासाची घाण घेऊन आलेले पुराचे पाणी वेगळे. अमेरिकेत या कामासाठी एस-५०० नावाचे लेखी मानक १९९४ पासून आहे. त्यात पाण्याचे स्वच्छ, दूषित आणि अतिदूषित असे तीन वर्ग केले आहेत. पुराचे पाणी तिसऱ्या वर्गातले. त्यात भिजलेली गादी, उशी, धान्य व पीठ वाचवण्याचा मोह धरू नये. भांडी, फरशी व भिंती साबणाच्या पाण्याने धुऊन नंतर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसाव्यात. ब्लीचिंगमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, त्यातून जीवघेणा क्लोरीन वायू सुटतो. चिखल ओला असतानाच काढावा, वाळला की दुप्पट मेहनत पडते.

बुरशी चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत धरू लागते. म्हणून सामान भिंतीपासून दूर करावे आणि दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वीज तपासून झाली की पंखे लावावेत. फुगलेला, पोकळ वाजणारा गिलावा टाचून काढावा. आपल्या भागातील सागवानाचे जुने पलंग व दरवाजे सहसा वाचतात, पण ते सावलीत, हळूहळू वाळवावेत. कडक उन्हात लाकूड वाकते व तडकते. भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचे कपाट मात्र एकदा फुगले की संपले. कुरआन शरीफच्या प्रती, बहीखाते व जमिनीचे कागद भिजले असतील तर पाने ओढून सोडवू नयेत. पानांत टिपकागद किंवा कोरा कागद घालून, तो बदलत राहून पंख्याच्या वाऱ्यात वाळवावेत.

भिंतीला वेळ द्यावाच लागतो. बांधकामातला जुना ठोकताळा जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक महिना असा आहे. नऊ इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी ठेवली तरी चार-पाच महिने धरावे लागतात. ऊन-वाऱ्याप्रमाणे हे कमी-जास्त होते. भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. आतून दव धरले तर ओल शिल्लक आहे. तोपर्यंत घर भकास दिसू नये म्हणून साधा चुना मारावा, त्यातून ओल बाहेर पडते. ऑइल पेंट व पुट्टी ती आत कोंडतात. मातीच्या भिंतीला तर सिमेंटचा गिलावा करूच नये. आत ओल अडकून भिंत पायथ्याशी खचते.

मोहर्लीत ही घाई दर वर्षी दिसू शकते. ताडोबाचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात तीन महिने बंद असते आणि १ ऑक्टोबरला उघडते. पाहुणे येण्याआधी खोल्या चकाचक हव्यात म्हणून सप्टेंबरच्या दमट हवेत रंगकाम निघते. वानरांनी कवेलू फोडलेले, स्लॅब झिरपलेला, भिंती ओल्या, आणि वर महागडा रंग! मालक म्हणतो, “भाई, आता मारून द्या, पुढचे पुढे पाहू.” रंगाऱ्याने नाही म्हटले तर दुसरा तयार असतोच.

इथे कारागीर बांधव विचारतील, खरे बोललो तर पोट कसे भरायचे? प्रश्न रास्त आहे. पण आपण आजवर मजुरी फक्त गिलाव्याची आणि रंगाची मागत आलो. चिखल काढणे, धुणे, टाचणे, वाळवणे, तपासणे याला हमाली समजून फुकटात घालत आलो. त्यामुळे रंग लवकर लावण्यातच आपला फायदा राहिला. खोट हिशोबाच्या या पद्धतीतच आहे. कामाचे दोन भाग करा. पहिला सफाई व वाळवणीचा, त्याची वेगळी मजुरी. दुसरा गिलावा व रंगाचा, तो भिंत सुकल्यावर. दोन्ही भाग कागदावर लिहून द्या. उधारीचा करार लिहून ठेवण्याची शिकवण कुरआनने दिलीच आहे, कामाचा करार लिहिण्यात संकोच कशाला? घाई करणाऱ्या मालकाला त्याच कागदावर लिहून द्या की भिंत ओली आहे, आता रंग मारल्यास टिकणार नाही. तोंडी बोलण्याने जे होत नाही ते एका ओळीने होते.

पैशाचा प्रश्न गरीब घरात अधिक बिकट आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये मदत धरली होती. एवढ्यात एका खोलीचा गिलावाही नीट होत नाही. अशा घरमालकाचे पैसे दोनदा खर्च करायला लावणे हा जुलूमच आहे.

वस्तीतील कारागिरांनी मिळून एक साधा संच ठेवावा: पाणी उपसण्याचा पंप, दोन-चार मोठे पंखे, फवारणी यंत्र, मेगर. एकट्याला जड जाईल ते पाच जणांना जड नाही. मशिदीच्या कमिटीने ठेवायला जागा दिली तर पुराच्या दिवशी धर्म न विचारता प्रत्येक घराला तो संच उपयोगी पडेल. आणि वस्तीतील मिस्त्री व रंगारी ओल्या भिंतीवर रंग न मारण्याचे एकमताने ठरवतील तर ‘दुसरा तयार आहे’ ही धमकीच उरणार नाही. इरईचे दरवाजे पुन्हा उघडतील, हे नक्की. त्याआधी ही बैठक झाली पाहिजे.