पिकण्याची वाट पाहू नये



आमच्या घराण्यात हळदीचा व्यापार तीन पिढ्यांपासून सांगलीच्या बाजारात चालत आला आहे. माझे थोरले काका, ज्यांना घरात आणि बाजारात सारेच आप्पा म्हणतात, त्यांची माल पारखण्याची रीत सर्वांच्या परिचयाची होती. सौद्याच्या वेळी ते पोत्यातून एक हळकुंड उचलीत, मोडीत, आतला रंग एकदाच पाहत आणि भाव मनाशी ठरवीत. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

आप्पांना बहात्तरावे वर्ष लागले त्या हंगामात मात्र हा अंदाज दोनदा चुकला. चढ्या भावाने घेतलेला माल वखारीत आल्यावर फिका निघाला. दिवाणजींनी भीतभीत ही गोष्ट कानावर घातली, तेव्हा आप्पा म्हणाले, "पूर्वीसारखी हळद आता येतच नाही." घरातही काही बदल होत होते, पण त्यांची सांगड आम्हांपैकी कोणी घातली नाही. सकाळचे शास्त्रवाचन त्यांनी सूनबाईंकडे सोपवले आणि तिचे वाचन गोड असल्याचे कारण सांगितले. मंदिराच्या पायऱ्या उतरताना ते कठड्याला धरू लागले. जेवताना डाव्या बाजूचा पाण्याचा तांब्या वारंवार लवंडू लागला. "वय झाले," असे म्हणून आम्ही सारे मोकळे झालो.

चष्म्याचा नंबर काढणाऱ्याने मोतीबिंदू आल्याचे सांगितले आणि डॉक्टरांकडे जाण्यास सुचवले. आप्पांचे उत्तर ठरलेले होते: "अजून पिकला नाही. हंगाम उरकू दे, मग पाहू." हंगाम उरकला तो चातुर्मास आला, त्यामागून पर्युषण पर्व आले, मग दिवाळीचे वहीपूजन आले आणि पुन्हा नवा हंगाम उभा राहिला. अशी दीड वर्षे गेली. त्या दीड वर्षात आप्पांनी कोणाकडे तक्रार केली नाही आणि आम्हीही आग्रह धरला नाही. हा दोष मी माझ्याही माथी घेतो, कारण दुकानाची सवड पाहणाऱ्यांत मीही होतो.

अखेर तपासणी झाली. डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घातले, डोळ्याचा दाब मोजला आणि बराच वेळ आत पाहिले. मग ते म्हणाले, "उजव्या डोळ्यात केवळ मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूच्या आड काचबिंदूही आहे. त्या डोळ्याची नस बरीचशी सुकली आहे. तिच्यामुळे गेलेली दृष्टी परत आणता येणार नाही." आप्पांनी क्षणभर थांबून विचारले, "दीड वर्षापूर्वी आलो असतो तर?" डॉक्टर म्हणाले, "बरीच वाचवता आली असती."

परतीच्या वाटेवर आप्पा एवढेच बोलले, "डावे खाते बुडीत धरा. उजवे सांभाळा."

वाचकहो, आजचा लेख याच फरकाविषयी आहे. उतारवयात दृष्टी मंदावली की आपण तिला सरसकट 'मोतीबिंदू' म्हणतो. वास्तविक मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोन सर्वस्वी भिन्न व्याधी आहेत. डोळ्यातील पारदर्शक भिंग वयोमानाने गढूळ होते, त्याला मोतीबिंदू म्हणतात. पुष्कळदा हे भिंग पिवळसर, पुढे तपकिरी होत जाते आणि निळा प्रकाश अडवते. त्यामुळे साऱ्या रंगांवर पिवळी छटा चढते, आणि हा बदल इतका सावकाश घडतो की माणसाला तो जाणवत नाही. आप्पांची हळद का फसली, याचा उलगडा आम्हांला डॉक्टरांच्या या सांगण्यातून झाला. मात्र मोतीबिंदूने हरवलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते.

काचबिंदूची रीत निराळी आहे. डोळा आणि मेंदू यांना जोडणारी नस त्यात हळूहळू झिजते. बहुतेकांच्या बाबतीत डोळ्यातील वाढलेला दाब त्यास कारण असतो. हा दाब साधारणपणे पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरच्या दरम्यान असतो, परंतु काहींची नस या मर्यादेतील दाबानेही झिजते. म्हणून केवळ दाब मोजून भागत नाही, नसही पाहावी लागते. बहुधा दुखत नाही, लाली येत नाही. दृष्टीचा घेर कडेने आवळत येतो आणि मधले दिसणे शेवटपर्यंत टिकते. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, म्हणून घरच्यांनाही सुगावा लागत नाही. लवंडणारा तांब्या हीच आम्हांला मिळालेली सूचना होती.

आता 'पिकण्या'विषयी. ही समजूत आपल्या वडीलधाऱ्यांनी उगाच बाळगलेली नाही. पूर्वी डोळ्याला मोठा छेद देऊन संपूर्ण भिंग बाहेर काढीत, आणि पक्व झालेले भिंग काढणे सोपे जाई. रुग्णाला डोके न हलवता दिवसेंदिवस पडून राहावे लागे आणि पुढे जन्मभर जाड काचांचा चष्मा वापरावा लागे. एवढा त्रास सोसायचा, तर दृष्टी पुरती जाईपर्यंत थांबणे शहाणपणाचे होते.

पुढे काळ पालटला. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक छताचे प्लास्टिकचे कण शिरले, तरी डोळे ते निमूटपणे सहन करतात, असे हॅरॉल्ड रिडली या इंग्रज शल्यविशारदांच्या लक्षात आले. त्यावरून त्यांनी 1949 साली लंडनमध्ये डोळ्याच्या आत प्रथमच कृत्रिम भिंग बसवले. 1967 साली अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो लहानशा छेदातून शोषून घेण्याची पद्धत आणली. आज छेद दोन-तीन मिलिमीटरचा असतो, बधिरतेसाठी पुष्कळदा केवळ थेंब पुरतात, घडी घातलेले भिंग आत जाऊन उलगडते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. या पद्धतीत भिंग फार पिकून कठीण झालेले असेल, तर तेच अडचणीचे ठरते. मोठा छेद घ्यावा लागतो, जोखीम वाढते. अतिपक्व मोतीबिंदू फुगून किंवा पाझरून डोळ्याचा दाबही वाढवू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेची वेळ ठरवताना मोतीबिंदू किती पिकला यापेक्षा आपले नित्यकर्म अडू लागले का, हे पाहावे. खतावणीतील आकडे, सामायिकानंतरचा स्वाध्याय, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा झोत, यांपैकी काही जड जाऊ लागले की डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शस्त्रक्रिया ठरल्यावर आपण व्यापारी माणसे प्रथम भिंगाचा भाव विचारतो आणि महाग तेच उत्तम असे धरून चालतो. येथे ही पारख उपयोगी पडत नाही. एकाच अंतरासाठीचे साधे भिंग स्वच्छ दृष्टी देते, फक्त वाचनाला बहुधा चष्मा लागतो. अनेक अंतरांसाठीचे महागडे भिंग चष्म्याची गरज कमी करते, परंतु काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. काचबिंदू किंवा दृष्टिपटलाचा विकार असलेल्यांना असे भिंग सहसा सुचवीत नाहीत. आपला दिवस कशात जातो, हे डॉक्टरांना सविस्तर सांगावे आणि मग निवड करावी.

आणखी काही गोष्टी डॉक्टरांपासून लपवू नयेत. लघवीच्या तक्रारीसाठी, प्रोस्टेटवर चालू असलेली गोळी, विशेषतः टॅम्सुलोसिन, शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुलीवर परिणाम करते. ती पूर्वी घेतली असेल तरी सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. मधुमेह असणाऱ्यांनी तर दिसण्यात काही उणे नसले तरीही वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी.

शस्त्रक्रियेनंतरचे थेंब काही आठवडे चालतात. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये, डोळा चोळू नये, जड वस्तू उचलू नये. डोक्यावरून स्नान, वाकून वंदन आणि अभिषेकाचा कलश उचलणे केव्हा सुरू करावे, हे डॉक्टरांनाच विचारावे. उपवास करावयाचा असल्यास तेही आधी सांगावे, मधुमेहींनी तर अवश्य. दुखणे वाढले, लाली वाढली किंवा दिसणे कमी झाले, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. डोळ्यापुढे अकस्मात वीज चमकल्यासारखे वाटणे, काळे ठिपके वाढणे किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे दिसणे, हीदेखील तातडीची लक्षणे आहेत. याउलट काही महिन्यांनी अथवा वर्षांनी दृष्टी पुन्हा हळूहळू धूसर झाली, तर मोतीबिंदू परतला असे समजून घाबरू नये. कृत्रिम भिंगामागील पातळ आवरण गढूळ होते आणि ते लेझरने थोड्या वेळात मोकळे करता येते. मात्र धूसरपणाचे कारण तेच आहे ना, हे तपासून घ्यावे.

आता पुन्हा आप्पांकडे वळतो. उजव्या डोळ्याची पट्टी काढली त्या सकाळी त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहून विचारले, "रंग केव्हा दिला?" भिंत तीच होती, पांढरा रंग त्यांना दीर्घकाळाने पांढरा दिसत होता. डाव्या डोळ्यातील उरलेली दृष्टी टिकावी म्हणून थेंब चालू आहेत.

काचबिंदू सख्ख्या नात्यात आढळण्याची शक्यता अधिक असते, हे कळल्यावर आप्पांनी स्वतःहून माझ्या वडिलांना, म्हणजे आपल्या धाकट्या भावाला, तपासणीस पाठवले. वडिलांना काडीचाही त्रास नव्हता, ते नाखुशीनेच गेले. त्यांच्याही डोळ्यांत काचबिंदूची सुरुवात निघाली. रोज रात्री एक थेंब घालण्याचे ठरले, तेव्हा सूर्यास्तानंतर काहीच न घेणाऱ्या वडिलांच्या मनात शंका आली. थेंब टाळण्याऐवजी त्यांनी ती मोकळेपणाने डॉक्टरांपुढे मांडली. डॉक्टरांनी सूर्यास्तापूर्वीची एक वेळ नेमून दिली आणि बजावले की रोज तीच वेळ पाळा, खंड पडू देऊ नका. आज वडिलांचे वाचन अबाधित आहे. दोन सख्ख्या भावांत एवढाच फरक की एकाला वेळेवर कळले.

शरीराची फार काळजी वाहू नये, असे आपल्याकडे मानतात आणि त्यात तथ्य आहे. परंतु चार हात भूमी पाहून चालावे, म्हणजे पायाखाली जीव येणार नाही, ही शिकवणही आपलीच आहे. ती पाळण्यास डोळे लागतात. डोळ्यांची निगा हा देहाचा लाड समजू नये.

आपल्या समाजाच्या अनेक संस्था वर्षानुवर्षे नेत्रशिबिरे भरवतात, हे मोठे पुण्यकर्म आहे. विश्वस्त मंडळींना माझी एक विनंती आहे. शिबिरात मोतीबिंदूची यादी होतेच, त्याबरोबर चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या डोळ्याचा दाब आणि नस पाहण्याचीही व्यवस्था करावी. घरातील कर्त्या मंडळींनीही ज्येष्ठांच्या "मग पाहू" या उत्तरावर थांबू नये, दुकानातून अर्धा दिवस काढून त्यांच्यासोबत जावे. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास अंधुक दिसते, त्यामुळे सोबतीची गरज असतेच.

हा अंक हाती आहे तोवर एक गोष्ट करावी. उजवा डोळा तळहाताने झाकून ही ओळ वाचावी, नंतर डावा झाकून वाचावी. दोहोंत फरक वाटला, तर याच आठवड्यात तपासणी करावी. फरक वाटला नाही, तरीही चाळिशीनंतर तपासणी चुकवू नये, कारण काचबिंदू कडेने येतो आणि ओळ वाचता येत असतानाही डोळा झिजत असतो. नंतर हा अंक घरातील ज्येष्ठांच्या हाती द्यावा आणि त्यांनाही हेच करावयास सांगावे.