कोंबडें झांकून रोग झांकत नाहीं

कोंबड्यांत रोग आला कीं दोन बातम्या हटकून छापून येतात. शहरवाल्यांनीं कोंबडी खावी कीं न खावी, ही एक. सरकारनें किती कोंबड्या मारल्या, ही दुसरी. ज्याच्या खुराड्यांत रोग शिरला त्याच्या घरीं पुढें चूल कशी पेटली, ही बातमी कोणी देत नाहीं. आम्हांस तिचाच विचार करावयाचा आहे. कारण माणसांचा बचावही तिच्यांतच आहे.

बर्ड फ्लू हा विषाणूचा रोग. रानटी पाणपक्ष्यांकडून तो कोंबड्यांत येतो. आजारी कोंबडी हाताळणाऱ्या माणसास तो क्वचित् लागतो. पण लागला तर जिवावर बेतूं शकतो. हाँगकाँगमध्यें १९९७ सालीं १८ माणसांस तो झाला, त्यांपैकीं ६ दगावलीं. आपल्या देशांत तो प्रथम सांपडला तो नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास, फेब्रुवारी २००६ मध्यें. लक्षावधि कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. तेथें एकाही माणसास हा रोग झाल्याचें सिद्ध झालें नाहीं, तरी अंडीं-कोंबडीचा बाजार देशभर बसला. २०२१ सालीं परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा गांवीं आणि पुन्हा नवापुरास तोच प्रसंग आला. त्याच वर्षीं हरियाणांतील एक मुलगा ह्या रोगानें दिल्लीस वारला. अमेरिकेंत २०२४ सालीं तो दुभत्या गाईंत शिरला, आणि तेथें प्रथम डोळे आले ते गोठ्यांत राबणाऱ्या मजुरांचे. देश कोणताही असो, पहिला घाला कामकऱ्यावरच!

आतां कायदा पाहा. २००९ च्या कायद्याप्रमाणें जनावरांत सांथीच्या रोगाचा संशय येतांच मालकानें गांवच्या अंमलदारास किंवा पंचायतीस कळविलें पाहिजे. ठीक आहे. पण कळविल्यावर काय होतें? रोग ठरला कीं एक किलोमीटरच्या आंतील सर्वांच्या कोंबड्या मारतात. सरकारनें मारलेल्या कोंबडीची भरपाई मिळते. आधींच मेलेलीची मिळत नाहीं. म्हणजे जिनें खबर दिली तिच्या मेलेल्या कोंबड्या फुकट गेल्या, आणि वर शेजाऱ्यांचे शिव्याशाप! परसांतल्या दहा कोंबड्या म्हणजे घरच्या बाईची मीठमिरची आणि पोरांच्या वह्या. अशी बाई गप्प बसली किंवा उरलेल्या कोंबड्या तिनें बाजारांत विकल्या, तर तिला अडाणी म्हणणें सोपें आहे. तिला गप्प बसविलें कोणी, हें कोणी विचारीत नाहीं.

म्हणून आमचें मागणें असें. भरपाई गांवांत, त्याच दिवशीं, यादी वाचून हातांत द्यावी. प्रथम खबर देणाऱ्याच्या मेलेल्या कोंबड्याही हिशेबांत धराव्या. लबाडी होईल म्हणाल, तर पंचायतीसमोर मोजा. मोजणें कांहीं अवघड नाहीं. जेथें पिलें कंपनीचीं आणि शेड, वीज व मेहनत शेतकऱ्याची, तेथें भरपाई कोणास किती, हें करारांतच लिहिलेलें असावें. अंगठा किंवा सही करण्यापूर्वीं तें वाचून घ्या. कोंबड्या पुरावयास जे मजूर लावतात त्यांस हातमोजे व मुखपट्टी द्यावी, आणि पुढें दहा दिवस डॉक्टरानें त्यांची विचारपूस करावी.

आपलेंही कर्तव्य आहे. एकाएकीं कोंबड्या माना टाकूं लागल्या, तुरे निळे पडले, तर मरीआईचा कोप म्हणून कोणास दक्षिणा देत बसूं नका. गुरांच्या दवाखान्यास कळवा. मेलेल्या कोंबडीस उघड्या हातानें शिवूं नका, पोरांस शिवूं देऊं नका, ती ओढ्यांत टाकूं नका, बाजारांतही नेऊं नका. नीट शिजविलेल्या मांसांत व अंड्यांत हा विषाणू टिकत नाहीं. भीति आहे ती आजारी कोंबडी सोलण्याची.

कोंबडें झांकलें म्हणून उजाडायचें राहत नाहीं, हें आपण जाणतों. पण तें झांकण्याची पाळी गरिबावर येऊं न देणें हें सरकारचें काम आहे. खरें बोलणाऱ्याचें नुकसान आणि लपविणाऱ्याचा फायदा, असा नियम जोंपर्यंत आहे तोंपर्यंत रोगास वाट मोकळीच आहे. तो नियम बदला, म्हणजे पहिली खबर गरिबाच्या खुराड्यांतूनच वेळेवर येईल.