'चालताबोलता ज्ञानकोश' म्हणणं आधी थांबवा

माणूस गेला की आपल्याकडे काही वाक्यं तयारच असतात. 'कधीही न भरून येणारी पोकळी.' 'आधारवड कोसळला.' डोंगरात भटकणाऱ्यांमध्ये यातलं सगळ्यात लाडकं वाक्य म्हणजे 'चालताबोलता ज्ञानकोश हरपला'. आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधला एक दादा गेला, तेव्हा ते मी इतक्या वेळा ऐकलं की आता त्याची चीड येते.

दादा चाळिशीतला होता. त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. कसं, ते इथे लिहिणार नाही आणि तुम्हीही कुणाबद्दल लिहू नका. का, तेही लिहिणार नाही, कारण अशा मृत्यूला एकच कारण चिकटवून मोकळं होणं हा आपला आवडता आणि निरुपयोगी उद्योग आहे. त्याच्या जाण्यानंतर जे बोललं गेलं, त्यावर मात्र बोलायलाच हवं.

शोकसभा दोन तास चालली. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेतले कातळटप्पे त्याला क्रमाने पाठ होते. अलंग-मदन-कुलंगला मार्चअखेर कुठल्या टाक्यात पिण्याजोगं पाणी उरतं हे तो फोनवर सांगायचा. गडाखालच्या वाडीत कुणाकडे जेवणाची सोय होते एवढंच नाही, तर त्या घरातल्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की नाही, हेही त्याला ठाऊक असायचं. सगळं खरं. पण तो नोकरी कुठे करतो हे सांगणारे दोनच जण निघाले आणि दोघांनी दोन वेगवेगळी नावं सांगितली. सभेतला एकमेव ठोस ठराव होता तो त्याच्या वह्या आणि जीपीएस ट्रॅक घरच्यांकडून मिळवून जपून ठेवण्याचा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'बस फॅक्टर' नावाचा एक हिशोब असतो. टीममधली किती माणसं उद्या बसखाली आली तर प्रोजेक्ट ठप्प होईल? आकडा एक असेल तर धोका. मग त्या माणसाच्या डोक्यातलं सगळं लिहून घ्यायचं. प्रोजेक्टसाठी हा हिशोब ठीकच आहे, त्याला डिलिव्हरीची काळजी असते. पण मित्र गेल्यावर मित्रांचा पहिला ठराव बॅकअपचा असेल, तर आपण त्याला काय समजत होतो?

वह्या जपायला हव्यातच. गो. नी. दांडेकरांपासून प्र. के. घाणेकरांपर्यंत अनेकांनी पायाखाली घातलेलं कागदावर उतरवलं, म्हणून आपल्यासारख्यांना वाटा सापडल्या. माझं भांडण वह्यांशी नाही, माणसाची किंमत वहीएवढी करण्याशी आहे.

दुसरं वाक्य याहून वाईट. 'दादा, एकदा बोलायचं होतंस रे.' त्याला जोडून लगेच निष्कर्ष येतो: पुरुष बोलतच नाहीत. ऐकायला हळवं वाटतं, पण यात सगळी जबाबदारी गेलेल्या माणसावर टाकलेली आहे. तो बोलला नाही, आपण बिचारे काय करणार!

तो बोलत होता. त्याच सभेत एकाने किस्सा सांगितला: दादा म्हणायचा, हल्ली झोपच लागत नाही, पहाटे तीनला नकाशे उघडून बसतो. यावर सांगणाऱ्याची टिप्पणी, 'नाद असावा तर असा!' दुसऱ्याने सांगितलं की गेल्या पावसाळ्यात दादाने आपला दोर आणि जीपीएस एका नवख्या पोराला देऊन टाकला. 'केवढं मोठं मन!' झोप उडणं आणि जिवापाड जपलेल्या वस्तू अचानक देऊन टाकणं, या दोन्ही गोष्टी धोक्याच्या खुणांच्या कुठल्याही यादीत सापडतात. झोप न येणारा प्रत्येक जण संकटात असतो असं नाही. पण पुढचा एक प्रश्न विचारण्याइतकी ती गोष्ट नक्कीच मोठी आहे. पुरुषाला बोलायला बंदी कुणीच केलेली नाही. त्याचं उपयोगी बोलणं तेवढं ऐकू येतं, बाकीचं किस्सा म्हणून खपतं.

आता आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. दहांतले सात पुरुष. राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर, २२,७४६. हे आकडे हातात आले की काही जण लगेच बायकांना झोडपायला निघतात. त्यांनी त्याच अहवालात पुढे वाचावं: आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त गृहिणी होत्या. मेलेल्या पुरुषांचा दंडुका करून जिवंत बायकांवर उगारणाऱ्यांना पुरुषांची काळजी नसते, त्यांना दंडुका हवा असतो.

मग करायचं काय? ग्रुपला हे शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. डोंगरात आपण लीड ठेवतो, तसा टेलही ठेवतो. टेलचं काम एकच: शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही. मागे पडणाऱ्याने हाक मारावी अशी आपली अपेक्षा नसते. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजतो आणि एक कमी भरलं तर कुणीतरी उलटं चालत जातं. कुणी अनोळखी पोरगा दरीत अडकला तर लोणावळ्याच्या शिवदुर्गसारख्या संस्थांचे स्वयंसेवक झोप मोडून दोर घेऊन निघतात. 'त्याने आधी सांगायला हवं होतं' असं म्हणत कुणी घरी बसत नाही. म्हणजे माया आहे आणि पद्धतही आहे. फक्त एसटीतून उतरलो की दोन्ही संपतं.

ती संपू नये एवढीच मागणी आहे. नेहमीचा माणूस सलग तीन ट्रेकला आला नाही, तर त्याला फोन करण्याचं काम कुणाचं, हे नावानिशी ठरवा. फोनवर 'काय, कसा आहेस?' विचारून सोडू नका, त्याचं उत्तर 'मजेत' हेच असतं. झोप होते का, जेवतोस का, कामाचं काय चाललंय, हे विचारा. शंका आली तर सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे; जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका. डॉक्टरचा नंबर पाठवून मोकळे होऊ नका, ओपीडीत त्याच्या शेजारी बसा.

'ग्रुप म्हणजे दवाखाना नव्हे' असं कुणीतरी म्हणेलच. नाहीच. आपण हाडांचे डॉक्टरही नाही, तरी सॅकमध्ये क्रेप बँडेज असतं. कुणाचा पाय मोडला तर आपण तो बसवत नाही, त्याला बांधून खाली आणतो. इथेही तेवढंच करायचंय.

'सह्याद्री हाच आमचा डॉक्टर' हे टीशर्टवरचं वाक्यही आता पुरे. डोंगर रविवार सुसह्य करतो, सोमवारची जबाबदारी तो घेत नाही. डोंगराने सगळं बरं होत असतं, तर आपल्यात सगळ्यात जास्त डोंगर फिरलेला माणूस आज असता.

पोलीस केस होईल या भीतीने घरचे गप्प बसतात, त्यांना हेही सांगा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं. अन्यथा सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर खटला आणि शिक्षा नाही. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे. फुकट, चोवीस तास आणि मराठीतही. स्वतःसाठी लागला तर लावा, दुसऱ्याची काळजी वाटत असेल तरी लावा.

पुढच्या ट्रेकच्या फॉर्मवर रक्तगट आणि घरचा नंबर विचारालच. त्याखाली एक रकाना वाढवा: 'मी दिसेनासा झालो तर ग्रुपमधलं कोण फोन करेल?' तिथे नाव लिहून घ्या. ज्याचं नाव येईल, त्याला ते आजच कळवा.