भिंत रंगली, भाडेकरार कोण करणार?

जानेवारी उजाडला की आयटी कंपन्यांच्या मेलबॉक्समध्ये रंगकामाची निमंत्रणं येऊ लागतात. आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं, सीएसआरचे पैसे शिल्लक असतात आणि पुण्याच्या आसपास कुठल्या ना कुठल्या अनुरक्षण गृहाच्या भिंतींचे पोपडे निघालेले असतात. मग शुक्रवारी सकाळी बस निघते. कंपनीचा टी-शर्ट, पॅक केलेलं जेवण, प्रत्येकाच्या हातात रोलर. मी अशा तीन बसमध्ये बसलोय. माझं म्हणणं सरळ आहे: हा कार्यक्रम बंद करा, आणि त्याच मुलांच्या भाडेकरारावर कंपनीची सही करा.

अनुरक्षण गृह म्हणजे काय, हे बसमधल्या बहुतेकांना माहीत नसतं. बालगृहात वाढलेल्या मुलाला १८ पूर्ण झाली की बाहेर पडावं लागतं. २०१५च्या बाल न्याय कायद्यात त्याच्यासाठी २१ वर्षांपर्यंत पश्चात सेवेची तरतूद आहे, आणि अपवादात्मक परिस्थितीत ती आणखी दोन वर्षं वाढवता येते. पण या कायद्याच्या ४६व्या कलमातला शब्द बघा. आर्थिक मदत 'देता येईल' असं तिथे आहे, 'दिलीच पाहिजे' असं नाही. मिशन वात्सल्यमध्ये महिना ४,००० रुपयांची सोय आहे. हिंजवडी-वाकडकडे या पैशांत काय मिळतं, हे पीजीत राहिलेल्या कुणालाही विचारा.

म्हणजे आपण जी खोली रंगवतो, ती त्या मुलाची नसतेच. त्याची तिथून निघायची तारीख ठरलेली असते.

आता रंगकामाबद्दलही बोलूच, कारण ते धड होतं असंही नाही. ओल असते गच्चीतून झिरपणाऱ्या पाण्याची. आधी गळती काढायची, भिंत वाळू द्यायची, पोपडे खरवडायचे, पुट्टी, पॉलिशपेपर, प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात, मध्ये पुन्हा वाळायला वेळ. हे कुठल्याही रंगाऱ्याला ठाऊक असतं. आम्ही चाळीस जण ते चार तासांत उरकतो, कारण साडेचारला ग्रुप फोटो असतो. ओल्या भिंतीवर मारलेला रंग पुढच्या पावसाळ्यात परत सुटतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बग सर्व्हरवर आहे आणि आम्ही बटणाचा रंग बदलून तिकीट क्लोज करतोय. त्या चाळीस जणांच्या अर्ध्या दिवसाच्या पगारात चार कसबी रंगाऱ्यांना काही आठवडे मजुरी देता आली असती. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं असतं ते वेगळंच.

आणि तो फोटो. १८ वर्षांखालच्या मुलांची ओळख उघड करायला याच कायद्यात मनाई आहे. अठरावं संपलं की ते कवच जातं. मग लिंक्डइनवर 'ब्लेस्ड' असं लिहून विशीतल्या पोरांच्या खांद्यावर हात टाकलेले फोटो पडतात. उद्या हीच पोरं नोकरीला अर्ज करणार असतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

दुसऱ्या खेपेला माझ्या शेजारी रोलर फिरवणाऱ्या मुलाने मला एकच प्रश्न विचारला. "दादा, तुमच्या कंपनीत परमनंट अ‍ॅड्रेसला काय चालतं?" आयटीआय झालेला, वीस संपत आलेला. आधारवर संस्थेचा पत्ता, आणि पुढच्या सहा महिन्यांत ती संस्था सोडायची. आमच्याकडे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला कायमचा पत्ता लागतो, कधी त्या पत्त्यावर माणूसही येऊन जातो. खोली भाड्याने घ्यायची तर मालकाला दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट लागतं, ऑफर लेटर लागतं, आणि 'घरचे कोण?' या प्रश्नाचं उत्तर लागतं. खोली नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर खोली नाही. या चक्रात ऑफ-व्हाइट रंग कुठे बसतो, ते मला कुणीतरी दाखवावं.

हे चक्र कंपनी एका सहीत तोडू शकते. बदली होऊन आलेल्या मॅनेजरसाठी कंपन्या स्वतःच्या नावाने लिव्ह अँड लायसन्स करार करतातच. डिपॉझिट कंपनीचं, जबाबदारी कंपनीची, मालक निर्धास्त. तीच पद्धत या मुलांसाठी वापरायला कायद्याची आडकाठी असेल, असं निदान मला तरी दिसत नाही. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत अनाथांसाठी घरं आणि वसतिगृहं उभारणं स्पष्ट लिहिलेलं आहे, रोजगारक्षम कौशल्यंही आहेत. उलट कर्मचाऱ्यांनी फुकट दिलेल्या वेळाची रक्कम लावून ती सीएसआर खर्चात धरता येत नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयानेच सांगितलंय. म्हणजे आमचे रंगवण्याचे तास त्या दोन टक्क्यांत मोजलेच जात नाहीत. मग हा खटाटोप कुणासाठी? कर्मचाऱ्यांचा 'एंगेजमेंट स्कोअर' वाढावा म्हणून. तसं असेल तर सरळ लोणावळ्याला न्या. तिथे निदान कुणाच्या घराची पार्श्वभूमी होत नाही.

'काहीच न करण्यापेक्षा बरं' हे वाक्य मी दरवेळी ऐकतो. पण संस्थेचा अधीक्षक त्या दिवसासाठी मुलांचे क्लास बुडवतो, सामान हलवतो, चाळीस जणांच्या चहाची सोय करतो आणि पुढच्या वर्षीही देणगी यावी म्हणून हसतो. तो आमचं यजमानपद करत असतो. या 'बरं'ची किंमत तो भरतो.

वेळ द्यायचाच असेल तर मला माझी बसमधली माणसं चांगली माहीत आहेत. एकजण ऑफर लेटरमधली बाँडची अट वाचून दाखवू शकतो. एकीला पीएफचं सगळं पाठ आहे. तिसऱ्याला कंपनीत रेफरल टाकता येतो, आणि आत घेतलं गेलं तर त्याला बोनसही मिळतो. पण याला एक शुक्रवार पुरत नाही. दीड-दोन वर्षं फोन उचलावा लागतो, रविवारी खोल्या बघायला सोबत फिरावं लागतं, पहिला पगार उडाल्यावर लेक्चर न देता बोलावं लागतं. त्याचा साडेचारला ग्रुप फोटो निघत नाही.

यंदाच्या निमंत्रणाला मी 'येणार नाही' कळवलं आणि सोबत तीन ओळींचा प्रस्ताव जोडला: कंपनीच्या नावाने दोन फ्लॅट, सहा मुलं, दोन वर्षं. उत्तर आलंय. लीगलला विचारावं लागेल, असं म्हणतात. बस मात्र त्याच मेलमध्ये कन्फर्म आहे, १४ तारखेला सकाळी नऊ, टी-शर्टचा साइझ सोमवारपर्यंत कळवायचा आहे.