निवृत्तीनंतरचा कॅमेरा

रंकाळ्यावर पहाटे फिरायला येणाऱ्यांत आता गळ्यात कॅमेरा अडकवलेले ज्येष्ठही दिसतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी शाळेतून. टिबुकली, वारकरी, खंड्या ही नावे पाठ झाली की पावले कळंब्याकडे, मग राधानगरी-दाजीपूरच्या गव्यांकडे वळतात. घरच्यांना हा फंडाच्या पैशाचा चुराडा वाटतो. वैद्यकशास्त्राला तसे वाटत नाही.

अमेरिकेत डॅलस येथील टेक्सास विद्यापीठात डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी ६० ते ९० वयाच्या २२१ जणांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास, काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना गोधडीसारखे शिवणकाम. एक गट नुसता गप्पा-सहलींत रमला. नवे कौशल्य शिकणाऱ्यांची, त्यातही फोटोग्राफीवाल्यांची, स्मरणशक्ती सुधारली. गप्पा मारणाऱ्यांना तेवढा लाभ झाला नाही. म्हणजे फायदा महागड्या लेन्सचा नाही, शिकताना मेंदूला पडणाऱ्या कष्टांचा आहे. साधा जुना कॅमेराही चालेल. मात्र शटर, ॲपर्चर समजून घ्यायला हवे.

शरीराची तयारी मात्र कुणी करत नाही. दोन-तीन किलोची लेन्स हाताने तोलून खांदा धरतो, ट्रायपॉड वापरावा. मधुमेही पहाटे इन्सुलिन घेऊन निघतात आणि पक्ष्याची वाट पाहत नाश्ता विसरतात. मग घाम, थरथर, चक्कर. खिशात साखर हवीच, आणि आपल्याला मधुमेह आहे हे सोबत्याला माहीत हवे. जंगलात लघवीची सोय नाही म्हणून पाणी टाळणे, रक्तदाबाची गोळी परस्पर बंद ठेवणे हेही सर्रास चालते. थंडीत भल्या पहाटे चढ चढताना छातीत दडपण आले तर तिथेच थांबून मदत मागावी, ‘गॅस असेल’ म्हणू नये. फोटो धूसर येतात म्हणून कॅमेरा दुरुस्तीला देण्याआधी मोतीबिंदूही तपासून घ्यावा!

जंगलात पूर्ण बाह्या, बूट, आणि परतल्यावर अंगावर गोचीड आहे का हे पाहणे आवश्यक. शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांनी अचानक ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. अशा वेळी डॉक्टरांना जंगलात कुठे आणि कधी गेलो होतो, हे आधी सांगावे.