पाऊस नकाशाच्या कडेला थांबत नाही

भाषेच्या हक्काची चर्चा आपल्याकडे शाळा, दुकानांच्या पाट्या आणि सरकारी कागदपत्रे या तीन विषयांभोवती फिरते. ते विषय महत्त्वाचेच आहेत. परंतु भाषेचा आणखी एक वापर असा आहे की ज्यात उशीर झाला तर नुसता अर्ज फेटाळला जात नाही, गोठ्यात पाणी शिरते. तो वापर म्हणजे हवामानाचा अंदाज. उद्या पाऊस किती पडेल, नदी चढेल का, पेरणी करावी की आठवडाभर थांबावे, हे माणसाला त्याच्या भाषेत आणि त्याच्या शिवाराच्या संदर्भाने कळले पाहिजे. सीमाभागातील मराठी शेतकऱ्याला ते तसे कळत नाही. त्याच्या जिल्ह्याचा अंदाज त्याच्या भाषेत नसतो, आणि त्याच्या भाषेतील अंदाजात त्याचा जिल्हा नसतो.

‘आता पावसातही भाषेचे राजकारण आणणार का?’ हा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्ही थोडे दूर, ब्रिटनपर्यंत जाणार आहोत. दूरचित्रवाणीवरून हवामान सांगण्याची प्रथा तेथे जुनी आहे. आणि अंदाज कोणासाठी सांगायचा, नकाशा कसा दाखवायचा, भाषा कोणती वापरायची, हे तिन्ही प्रश्न तेथे लोकांनी आपापल्या परीने सोडवून घेतले आहेत.

बीबीसीने दूरचित्रवाणीवर हवामानाचा नकाशा प्रथम दाखवला तो ११ नोव्हेंबर १९३६ रोजी. तेव्हा पडद्यावर केवळ नकाशा असे. माणूस दिसत नसे. ११ जानेवारी १९५४ रोजी हवामान खात्याचे जॉर्ज काउलिंग प्रथमच नकाशाशेजारी उभे राहून बोलले. त्या दिवशी त्यांनी वाऱ्याचा अंदाज सांगताना कपडे वाळत घालायला उद्याचा दिवस चांगला आहे, असेही सांगितल्याची आठवण आजही दिली जाते. त्यातले मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. हवेचा दाब किती हे खात्याला ठाऊक असते. धुणे वाळेल का, हे घरातल्या माणसाला हवे असते. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचणे हेच अंदाज सांगणाऱ्याचे काम.

हे काम शेतकऱ्यांसाठी केले ते रविवारच्या कार्यक्रमाने. १९५७ मध्ये बीबीसीने ‘फार्मिंग’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. तो रविवारी दुपारी लागे, म्हणजे शेतकरी जेवणासाठी घरी टेकण्याची शक्यता असलेल्या वेळी. शेतकऱ्यांसाठीचा रविवारचा अंदाजही उद्यापुरता नसे. तो पुढच्या आठवड्याचा असे. कारण साधे आहे. कापलेले गवत वाळवून चारा करायचा तर सलग तीन-चार कोरडे दिवस लागतात. एका दिवसाचा अंदाज घेऊन विळा चालवता येत नाही. २४ जुलै १९८८ रोजी ‘फार्मिंग’च्या जागी ‘कंट्रीफाइल’ आला. त्याचा प्रेक्षक केवळ शेतकरी राहिला नाही. गावाकडची ओढ असलेला शहरी माणूसही तो पाहू लागला. २००९ मध्ये तो रविवारी संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेवर गेला. एवढी स्थित्यंतरे झाली, तरी आठवड्याचा हवामान अंदाज त्यातून गेला नाही. शेतीचा कार्यक्रम बदलला, पण शेतकऱ्याचा अंदाज टिकला. वेळ, लांबी आणि मजकूर या तिन्ही गोष्टी ऐकणाऱ्याच्या कामावरून ठरल्या होत्या, म्हणून तो टिकला, असे आमचे मत आहे.

आता नकाशाविषयी. मे २००५ मध्ये बीबीसीने हवामानाचा नवा त्रिमितीय नकाशा आणला. तो दक्षिणेकडून उत्तरेकडे तिरका पाहिल्यासारखा दिसे. परिणामी लंडनचा भाग मोठा आणि स्कॉटलंड पार आक्रसलेले दिसू लागले. स्कॉटलंडमधून तक्रारींचा ओघ सुरू झाला आणि बीबीसीला नकाशाचा कल बदलावा लागला. तेथे कोणी ‘ढगांत राजकारण कशाला’ असे विचारून तक्रारदारांना गप्प बसवू शकले नाही. ज्याचा प्रदेश नकाशात लहान होतो त्याचा पाऊसही बोलणाऱ्याच्या लेखी लहान होतो, हे त्यांना कळले होते. स्कॉटलंड तर नुसते लहान झाले होते. आमचा बेळगाव, खानापूर, निपाणीचा मुलूख मराठी वाहिन्यांच्या नकाशात बहुधा दिसतच नाही. चंदगड आणि कागल संपले की नकाशा संपतो, आणि पलीकडे एकरंगी करडी पोकळी उरते.

राहिला भाषेचा प्रश्न. १९८१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे पाच लाख होते. त्यांना स्वतंत्र वाहिनी देण्याचे वचन सरकारने दिले आणि मग मागे घेतले. प्लाइड कम्री या पक्षाचे नेते ग्विनफोर एव्हान्स यांनी १९८० मध्ये आमरण उपोषणाची घोषणा केली. उपोषणाचा दिवस उजाडण्यापूर्वीच, सप्टेंबरमध्ये, सरकार नमले. एसफोरसी ही वेल्श वाहिनी सुरू झाली ती १ नोव्हेंबर १९८२ रोजी. १ नोव्हेंबर या तारखेचा सीमाभागातील अर्थ आमच्या वाचकांना सांगायला नको. ज्या तारखेला आम्ही काळ्या फिती लावतो, त्याच तारखेला एका लहान भाषेला तिचा पडदा मिळाला. त्या पडद्यावर बातम्या आल्या, मालिका आल्या आणि हवामानही वेल्शमध्ये आले. जवळजवळ सगळ्या वेल्श भाषकांना इंग्रजी येत होते. तरीही ‘इंग्रजीत अंदाज आहेच की’ हा युक्तिवाद त्यांनी मान्य केला नाही. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकातील मराठी भाषकांची संख्या वीस लाखांच्या घरात होती. वेल्श भाषकांच्या चौपट लोकांचा आवाज हवामानाच्या एका साध्या अंदाजापुरताही पोहोचू नये, हे कोणत्या न्यायात बसते?

आपल्याकडे या कामाची परंपराच नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीत ‘कृषी दर्शन’ सुरू झाले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि ‘आमची माती आमची माणसं’ने मराठी शेतकऱ्याला पडद्यावर त्याच्याच बोलीत उत्तर दिले. नभोवाणीच्या लहरींना तर सीमा ठाऊकच नव्हती; आकाशवाणीच्या सांगली केंद्राचा आवाज सीमेअलीकडच्या गावांतही ऐकला जाई. पुढे वाहिन्या वाढल्या, आणि प्रत्येक वाहिनीने आपले अंगण राज्याच्या रेषेने आखून घेतले. तंत्र पुढे गेले, पण अंदाज सांगण्याची दृष्टी आखूड झाली.

हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. त्यांत ‘कोकण व गोवा’ असा एक संयुक्त उपविभाग आहे. दोन राज्यांचा किनारा खात्याने एकत्र धरला, कारण तिकडून येणारा पाऊस एकच आहे. म्हणजे शास्त्राला राज्याची रेषा ओलांडता येते. बेळगाव मात्र ‘उत्तर अंतर्गत कर्नाटका’त येते, तेथे कणकुंबीचा धो धो पाऊस आणि रायचूरची कोरडी जमीन एकाच नावाखाली नांदतात. जिल्हावार इशारे निघतात हे खरे; परंतु सह्याद्रीच्या माथ्यावरचे खानापूर आणि पावसाची वाट पाहणारे अथणी या एकाच जिल्ह्यातल्या दोन टोकांना एका इशाऱ्याने काय कळणार?

त्याहून मोठी अडचण नद्यांची आहे. वेदगंगा भुदरगडातून आणि दूधगंगा राधानगरीतून निघून निपाणी-चिकोडीकडे येते. म्हणजे निपाणी परिसरात पाणी चढते ते पुष्कळदा तेथे पडलेल्या पावसाने नव्हे, तर कोल्हापूर जिल्ह्यात पडलेल्या पावसाने. तो पाऊस ‘मध्य महाराष्ट्रा’च्या नकाशात असतो, आणि पूर ‘उत्तर अंतर्गत कर्नाटका’च्या. खाली पाहिले तर म्हादई खानापूर तालुक्यातील देगावजवळ उगम पावते आणि गोव्यात सत्तरीत उतरते. सत्तरीतल्या मराठी वाचकाला खानापूरचा पाऊस कळणे जितके आवश्यक, तितकेच निपाणीकराला राधानगरीचा पाऊस कळणे आवश्यक. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव हे तिन्ही जिल्हे एकाच वेळी बुडवले. पाण्याने त्या दिवसांत कोणालाही भाषा विचारली नाही, राज्यही विचारले नाही. पाण्याची बातमी सांगणाऱ्यांनी मात्र दोन्ही विचारले.

कोणी म्हणेल, मोबाइलवर सगळे मिळते. मिळते ते काय? पावसाची शक्यता अमुक टक्के, आणि एक ढगाचे चित्र. शेतकऱ्याला हवा असतो वाफसा. पेरणीपुरती ओल आहे पण चिखल नाही, अशा जमिनीच्या त्या एका अवस्थेसाठी आपल्या भाषेत एक अचूक शब्द आहे, आणि पेरणीचा सारा हिशेब त्यावर चालतो. बेळगाव-खानापूरकडे भाताची धूळवाफ पेरणी होते. कोरड्या मातीत बी टाकून पावसाची वाट पाहिली जाते. त्या शेतकऱ्याला ‘मध्यम पाऊस’ एवढे कळून भागत नाही. वळवाचा एखादा फटकारा आहे की मृगाची धार धरणार आहे, हे कळावे लागते. झड, संततधार, उघडीप, मळभ, भुरभुर हे शब्द कवितेतल्या सजावटीसाठी जन्मले नाहीत. ते कामाचे शब्द आहेत, आणि कामात वापरले नाहीत तर मरतील. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील आमच्या वाचकांनी आपल्या घरातील पुढच्या पिढीला ‘उघडीप’ म्हणजे काय हे विचारून पाहावे.

या बाबतीत मराठी वाहिन्यांनाही आम्ही सोडणार नाही. पडद्यावर दिवसभर ‘येलो अलर्ट’, ‘ऑरेंज अलर्ट’ फिरत असतात. त्याचा अर्थ कोण सांगतो? खात्याच्या व्याख्येनुसार २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार, आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. या तीन पायऱ्यांमधला फरक म्हणजे जनावरे गोठ्यात ठेवायची, दावणीतून सोडायची की गाव सोडायचे, हा फरक आहे. तो सोप्या मराठीत सांगण्याऐवजी निवेदक गुडघाभर पाण्यात उभे राहून ओरडतात, तेही बहुधा मुंबईतल्या पाण्यात. सीमाभाग त्यांना आठवतो तो काळ्या दिनाला आणि बेळगावच्या अधिवेशनाला. मधल्या काळात आमच्यावर पाऊस पडत नाही, असा त्यांचा समज असावा.

कन्नड अंदाज बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. निपाणीच्या कन्नड शेतकऱ्यालाही राधानगरीच्या पावसाची खबर हवीच आहे. नकाशा कापला गेल्याने नुकसान त्याचेही होते. आमची मागणी भर घालण्याची आहे, आणि तिला आधार आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासंबंधी केंद्र सरकारने १९५६ मध्ये काढलेल्या निवेदनानुसार, जिल्ह्यात किंवा तालुका-नगरपालिकेएवढ्या लहान क्षेत्रात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असेल तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करणे इष्ट मानले आहे. खानापूर तालुक्यात मराठी भाषक बहुसंख्य आहेत. पुराच्या इशाऱ्याहून महत्त्वाची सूचना दुसरी कोणती असू शकते?

म्हणून आमच्या मागण्या तीन. पहिली, बेळगाव जिल्हा प्रशासनाने पाऊस, पूर आणि विजांचे इशारे कन्नडबरोबरच मराठीतही, त्याच घटकेला द्यावेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारे कृषी हवामान पत्रकही मराठी गावांना मराठीत मिळावे. दुसरी, मराठी वाहिन्यांनी आपला हवामानाचा नकाशा राज्याच्या रेषेवर न कापता खोऱ्यांप्रमाणे दाखवावा. त्यात निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर आणि सत्तरी ही नावे असावीत. तिसरी, सह्याद्री वाहिनीने रविवारी अर्धा तास द्यावा. त्यात पुढच्या आठवड्याचा अंदाज, धरणांतील साठा आणि विसर्ग, आणि पिकांचा सल्ला, राधानगरीपासून सत्तरीपर्यंतच्या सलग पट्ट्यासाठी सांगितला जावा. उपग्रहाची छायाचित्रे आहेत, खात्याचे आकडे आहेत, सांगणारी माणसेही आहेत. लागतो तो रविवारचा अर्धा तास.

वाचकांनी या मागण्यांची पत्रे आपापल्या ग्रामपंचायतीच्या, सहकारी संस्थेच्या आणि तरुण मंडळाच्या ठरावासह पाठवावीत. ठरावात आपल्या गावाजवळची नदी कोणती, तिला पाणी कोठून येते आणि गेल्या पुरात इशारा किती वाजता व कोणत्या भाषेत मिळाला, एवढे जरूर लिहावे. मृग दरवर्षी जूनमध्ये येतो. ठराव त्याआधी व्हावेत.