जपानी मुळाक्षरे

सिल्वासाच्या मुलांना निरनिराळ्या लिपी नव्या नाहीत. मराठीसाठी देवनागरी, दुकानाच्या पाटीवर गुजराती आणि इंग्रजीसाठी रोमन, अशा तीन लिपी ती लहानपणीच हाताळतात. तथापि जपानी अक्षरे पाहून आमचे तरुण बिचकतात. जानेवारी २०२१ मध्ये भारत व जपान यांच्यात कुशल कामगारांविषयी करार झाला. वृद्धांच्या शुश्रूषेसारख्या कामांसाठी तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यांना भाषेची परीक्षा द्यावी लागते. म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहो.

जपानी लिखाणात चिनी अक्षरांसोबत दोन ध्वनिलिपी चालतात : हिरागाना व काताकाना. प्रत्येकीत मूळ अक्षरे ४६. पहिलीत देशी शब्द व प्रत्यय, दुसरीत परकीय शब्द व नावे लिहितात. ख्रिस्ताचे नाव तेथे काताकानात 'किरिसुतो' असे लिहिले जाते.

आता त्यांचा क्रम मोठ्याने म्हणून पाहा : अ, इ, उ, ए, ओ; पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व. ही तर आपल्याच वर्णमालेची चाल! बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत वर्णांचे अध्ययन जपानात गेले, त्याचे हे फळ होय. 'प'च्या जागी 'ह' आला, कारण प्राचीन काळी त्याचा उच्चार 'प' असा होता. मात्र तेथे काना, मात्रा, वेलांटी नाही. क, कि, कु यांना निरनिराळी अक्षरे आहेत. 'क'च्या उजव्या खांद्यावर दोन लहान रेघा दिल्या की 'ग' होतो.

ह्या अक्षरांचा आपल्या किनाऱ्याशी जुना संबंध आहे. अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ १५४८ साली गोव्यात बाप्तिस्मा घेऊन पावलू झाला व काही महिन्यांतच पोर्तुगीज लिहू-वाचू लागला. संत फ्रान्सिस झेवियर यांनी जानेवारी १५४९ मध्ये कोचीनहून संत इग्नेशियस यांस जपानी वर्णमाला पाठविली. तुम्ही वरून खाली का लिहिता, असे त्यांनी पावलूस विचारले होते. माणसाचे डोके वर व पाय खाली असतात, मग तुम्हीच तसे का लिहीत नाही, असा त्याने उलट प्रश्न केला!

तरुणांनो, रोज पाच अक्षरे उच्चारीत गिरवा. काताकानातील 'शि' व 'त्सु' फार सारखे दिसतात, ते शेजारी शेजारी लिहून पारखा. रोमन अक्षरांची काठी लवकर टाका. आणि आईबापांनो, शिकवणीची फी भरण्यापूर्वी एवढा अभ्यास घरच्या ओटीवरच करवून घ्या. त्याला एक वही व एक पेन्सिल पुरे आहे.